पहाटे साडेपाचचं टपाल

डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात माझी भाची पनवेलहून माझ्याकडे नागावला येऊन राहिली होती. एरवी दिवाळी आणि मे महिना सोडला तर ती इकडे फिरकत नाही. आल्या आल्या बॅग ओटीवर टाकली आणि झोपाळ्यावर बसून म्हणाली, "मावशी, घरी सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात गं. तुझ्याकडे निदान वाडीत जाऊन लपता तरी येतं."

प्रकरण असं होतं. भाची यंदा बारावीला आहे. अमेरिकेतल्या एका अगदी नामांकित विद्यापीठात तिने अर्ज केला होता. (नाव लिहीत नाही, ती रागावेल.) या विद्यापीठांत दोन खेपांना अर्ज घेतात. बहुतेकांचे अर्ज जानेवारीत जातात आणि निकाल मार्चच्या शेवटी लागतो. ज्यांना घाई आहे, किंवा ज्यांचं मन एकाच ठिकाणी बसलं आहे, ते १ नोव्हेंबरच्या सुमारास अर्ज करतात आणि त्यांचा निकाल डिसेंबरच्या मध्याला कळतो. यातही प्रकार आहेत. एकात तुम्ही आधीच लिहून देता की घेतलंत तर मी तुमच्याचकडे येईन. दुसऱ्यात तसं बंधन नसतं. भाचीचा अर्ज पहिल्या प्रकारातला. म्हणजे मुलगी बघायला येण्याआधीच साखरपुड्याचं वचन देऊन टाकायचं! पैशाची मदत अगदीच पुरेशी मिळाली नाही तर तेवढ्यापुरतं मागे फिरता येतं, असं तिने मला समजावून सांगितलं. माझ्या बहिणीचं आणि मेव्हण्यांचं सगळं गणित त्या मदतीवरच टांगलेलं होतं.

निकाल लागणार होता तिकडच्या संध्याकाळी सात वाजता. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच.

चार दिवस ती माझ्याकडे होती, आणि त्या चार दिवसांत मला एक नवीन शास्त्र कळलं. संकेत वाचण्याचं शास्त्र. कोणाला विद्यापीठाकडून साधी माहितीची ईमेल आली तर ती का आली? मुलाखत घेणारे गृहस्थ शेवटी "गुड लक" म्हणाले की "सी यू" म्हणाले? शिष्यवृत्तीच्या कार्यालयाने वडिलांच्या पगाराचा आणखी एक कागद मागितला, हे चांगलं लक्षण की वाईट? शिवाय 'लाइकली लेटर' नावाची एक चीज असते म्हणे. विद्यापीठाला जो विद्यार्थी हातचा घालवायचा नसतो त्याला अधिकृत तारखेच्या आधीच ते सुचवून ठेवतात की बाबा, तुझं काम होणार असं समज. खेळाडूंना अशी पत्रं बऱ्याचदा जातात. भाची काही खेळाडू नाही, पण मैत्रिणीच्या मैत्रिणीला तसं पत्र आलं अशी बातमी कानावर आली आणि ती दिवसभर जेवली नाही.

"मला काहीच आलं नाही मावशी. म्हणजे नाहीच ना?"

मी शाळेत इतिहास शिकवते. उत्तर देताना इतिहासात शिरायची खोड आहे, ती घरच्यांना चांगलीच माहीत आहे. तिला म्हटलं, चल, आपण अलिबागला जाऊन येऊ. तुला एका पोस्टातल्या कारकुनाची गोष्ट सांगायची आहे.

तर मंडळी, तीच गोष्ट तुम्हालाही सांगते.

१८७०च्या दशकात टपालखात्यातल्या एका कारकुनाची कल्याणहून अलिबागला बदली झाली. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा. (रायगड हे नाव १९८१ सालचं.) कारकुनाचं नाव गोपाळराव जोशी. मूळ संगमनेरचे, बिजवर, विक्षिप्त, डोक्यात एक वेड घेतलेले. ते वेड म्हणजे बायकोला शिकवायचं. बायको वयाने जवळजवळ वीस वर्षांनी लहान. कल्याणच्या जोशांची यमुना. ३१ मार्च १८६५चा जन्म, आणि बरोबर नवव्या वाढदिवसाला लग्न. लग्नात नाव ठेवलं आनंदी. कल्याणला माहेरचा गोतावळा अवतीभवती, त्यात पोरीचा अभ्यास कसला होतोय? अलिबागला ती कटकट कमी झाली. आनंदीबाईंच्या शिक्षणाची गाडी रुळावर आली ती साधारण या काळात. अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन आलेल्या आपल्या पहिल्या डॉक्टरीणबाई म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांच्या अभ्यासात अलिबागच्या खाऱ्या वाऱ्याचाही वाटा आहे, हे आमच्याकडेसुद्धा फार लोकांच्या ध्यानात नसतं.

पुढे बदल्या होत राहिल्या. कोल्हापूर, मुंबई, भूज, मग थेट कलकत्त्याकडे. १८७८ साली आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. तेव्हा त्या जेमतेम तेराच्या. डॉक्टर व्हायचं हे त्यांच्या मनाने घेतलं ते तिथे.

त्याच वर्षी गोपाळरावांनी एक पत्र लिहिलं. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी पूर्वी बरीच वर्षं कोल्हापुरात होते आणि आता मायदेशी परतून एक मासिक चालवत होते. त्यांना गोपाळरावांनी लिहिलं की बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मला तिकडे काही नोकरी मिळेल का, मदत कराल का? वाइल्डरसाहेबांनी उत्तर दिलं ते नकाराचं. म्हणजे ख्रिस्ती व्हा, मग बघू, अशा धर्तीचं. ती अट जोशी दांपत्याला मान्य होण्यासारखी नव्हती. पण साहेबांनी आणखी एक गोष्ट केली. गोपाळरावांचं पत्र आणि आपलं उत्तर, दोन्ही आपल्या मासिकात छापून टाकलं. ही गोष्ट १८७९ सालच्या सुरुवातीची.

इथे मी भाचीला थांबवून विचारलं, "तू आनंदीबाईंच्या जागी असतीस तर काय समजली असतीस?"

"विषय संपला."

बरोबर. मीही तेच समजले असते. एक वर्ष गेलं. काही नाही. आणि मग १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे गेल्या. आपला नंबर यायची वाट पाहत बसल्या असताना त्यांनी तिथे पडलेला त्या मासिकाचा जुना अंक चाळायला घेतला. त्यात ते पत्र आणि तो नकार त्यांच्या वाचनात आला. घरी जाऊन त्यांनी हिंदुस्थानात पत्र पाठवलं. ना ओळख, ना देख. त्या पत्राला उत्तर गेलं, उत्तराला उत्तर आलं, आणि तीन वर्षं हा पत्रव्यवहार चालला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? होकार आला तो नकाराच्या पाठीवर बसून. वाइल्डरसाहेबांनी खासगी पत्राने 'नाही' कळवलं असतं तर ते पत्र कोल्हापुरात फाटून गेलं असतं. त्यांनी 'नाही' छापलं, आणि ते छापलेलं 'नाही' हजारो मैलांवरच्या एका बाईच्या हाती पडलं. ज्या दारावर थाप मारली ते उघडलंच नाही. ज्या दाराची कल्पनाही नव्हती ते उघडलं.

आता आजच्या मुलांनी कान टवकारून ऐकावा असा भाग. १८८३ सालच्या ७ एप्रिलला आनंदीबाईंनी कलकत्ता सोडलं. त्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला बरं का, त्यांनी जाहीर सभेत आपण अमेरिकेला का जातो ते सांगितलं होतं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असंही बजावलं होतं. बोटीने ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास. उतरून घ्यायला कार्पेंटरमावशी हजर. आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी त्यांनी स्वतः पत्र लिहिलं ते २८ जूनला, मावशींच्या घरी बसून! म्हणजे नवऱ्याला मागे ठेवून, जातीचा रोष पत्करून, अठरा वर्षांची मुलगी दोन समुद्र ओलांडून गेली, आणि तेव्हा प्रवेशाचा कागद हातात नव्हता.

त्या पत्रात त्यांनी आपलं शिक्षण किती झालं ते सरळ सांगितलं. कमी आहे हे लपवलं नाही. आणि मग म्हटलं की सगळ्यांचा विरोध सोसून इथवर येण्याचा जो निश्चय आहे तो माझी उणीव भरून काढायला उपयोगी पडावा. आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे, हे कारणही दिलं. कॉलेजच्या डीन रेचल बॉडले यांनी त्यांना घेतलं, शिष्यवृत्तीसुद्धा दिली. भाची प्रवेशासाठी जो निबंध लिहिते, रात्र रात्र जागून आठ वेळा खोडते, तो निबंध आनंदीबाईंनी तेव्हाच लिहून ठेवला होता, असं मी तिला म्हटलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ११ मार्च १८८६ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री-विभागाची नेमणूक झाली. पण क्षयाने गाठलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या. बावीस पुरी व्हायला महिना राहिला होता. त्यांची रक्षा कार्पेंटरमावशींकडे अमेरिकेत गेली आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली.

असो. आम्ही दोघी अलिबागच्या किनाऱ्यावर बसलो होतो. ओहोटी होती, माणसं चालत कुलाबा किल्ल्यात जात होती. भाची म्हणाली, "पण मावशी, तेव्हा उशीर व्हायचा तो अंतरामुळे. आता तसं कुठे आहे?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. कारण अंतराचा हिशेब मला वाटतो तितका सोपा नाही.

अमेरिकेतल्या या बड्या विद्यापीठांचाच इतिहास बघा. १९५० आणि ६०च्या दशकांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या तिघांकडे 'ए-बी-सी' नावाची एक पद्धत होती. विद्यापीठाचे लोक काही ठरावीक खासगी शाळांत जायचे आणि मुलांना आधीच श्रेणी सांगून ठेवायचे. 'ए' म्हणजे जवळजवळ नक्की, 'बी' म्हणजे सांगता येत नाही, 'सी' म्हणजे अवघड आहे. बाकीच्या देशातली मुलं पोस्टमनची वाट बघत असायची तेव्हा या शाळांतली मुलं निवांत. शाळा कुठल्या? ज्यांत पिढ्यान् पिढ्या पैसेवाल्यांची मुलं जात, त्या. पुढे ही पद्धत बंद पडली, लवकर अर्जाची पद्धत सर्वांना खुली झाली. तरी शंका गेली नाही. २००६ साली हार्वर्ड आणि प्रिन्स्टननी जाहीर केलं की लवकर अर्जाचा फायदा मुळात सुस्थितीतल्यांनाच होतो, म्हणून आम्ही तो प्रकार बंद करतो. २०११ साली दोघांनी तो परत सुरू केला. म्हणजे त्यांनाही या दुखण्यावर औषध सापडलेलं दिसत नाही.

यात मला दिसतं ते असं. आधी संकेत कोणाला मिळतो, ही लायकीची खूण नसते. तुम्ही दारापासून किती लांब उभे आहात, एवढंच त्यातून कळतं. लांब उभ्या असलेल्या माणसाला काही ऐकू आलं नाही, तर आत कोणी त्याचं नाव घेतलंच नाही असं थोडंच आहे?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे ते बरं, मार्कांची यादी लागते, सगळ्यांना एकदम कळतं. खरं आहे. यादीचं मोठेपण मी नाकारत नाही. आपल्याच जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख घ्या. १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी जन्म, घराणं रोह्याचं. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. १९१५ साली, महायुद्ध चालू असताना, केंब्रिजला जीझस कॉलेजात गेले, आणि १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. रोह्याच्या मुलाचा नंबर यादीत पहिला लागतो तेव्हा त्याचे वडील कोण, शाळा कुठली, हे यादी विचारत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. १९१८ साली ती परीक्षा फक्त लंडनला होत असे. हिंदुस्थानात ती घ्यायला सुरुवात झाली १९२२ साली. म्हणजे यादी सगळ्यांना सारखी, पण यादीत नाव घालायला आधी समुद्र ओलांडावा लागायचा. ज्याला बोटीचं भाडं परवडत नव्हतं त्याने वाट तरी कशाची बघायची?

आणि काही अंतरं समुद्राहून मोठी असतात. चिंतामणरावांच्या नाते गावापासून महाड जवळ. तिथे २० मार्च १९२७ला चवदार तळ्यावर जे झालं ते होतं पाण्यासाठी. तळं गावात, पाणी समोर, आणि तरी ओंजळभर घ्यायला बंदी. त्या सत्याग्रहाचे पुढारी डॉ. आंबेडकर कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून आलेले होते. त्यांचीही एक वाट पाहण्याची गोष्ट आहे. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. तिथून १९१६ साली लंडनला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली होती. म्हणजे दार बंद नव्हतं, पण घड्याळ चालू होतं. त्यांचं सामान घेऊन येणारी बोट महायुद्धात बुडाली, तीत पुस्तकं गेली. इथे नोकरीच्या जागी जातीवरून छळ. तरी पैसे साठवून, मित्राकडून कर्ज काढून, शाहू महाराजांची मदत घेऊन १९२० साली ते मुदतीत परत लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. ती मधली तीन वर्षं त्यांनी कुठल्या संकेताची वाट बघत काढली नाहीत. मुदत डोक्यात ठेवून काढली.

हे सगळं सांगताना मी एक गोष्ट भाचीला सांगितली नव्हती. ती रात्री सांगितली.

माझ्या कपाटात एक पाकीट आहे. १९८९ सालचं. त्या वर्षी मी बारावी झाले. मुंबईतल्या एका नावाजलेल्या संस्थेत अर्ज केला होता. मार्क बरे होते. मुलाखतीला बोलावतील असं शाळेतले सर म्हणत होते. जुलै महिना. रोज अकराच्या सुमारास मी दारात. पोस्टमनकाका सायकलवरून येताना लांबूनच मान हलवायचे, नाही म्हणून. त्यांना माझी दया यायची.

आणि मग २३-२४ जुलैचा तो पाऊस आला. रायगडातल्या माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको. अंबा नदी चढली, जांभुळपाडा वाहून गेलं, नागोठण्यात हाहाकार झाला. कित्येक माणसं गेली. रस्ते बंद, तारा तुटलेल्या. मुंबई कुठे आणि आम्ही कुठे. पाकीट आलं ते २ ऑगस्टला. मुंबईचा शिक्का १८ जुलैचा. मुलाखत होती २७ला.

बाबा मला घेऊन मुंबईला गेले. तिथल्या माणसाने पाकीट बघितलं, शिक्के बघितले, वाईट वाटल्यासारखं केलं आणि जागा भरल्याचं सांगितलं. कोणाची चूक होती? कोणाचीच नाही. नदीची म्हणा. आणि त्या महिन्यात ज्या घरांतली माणसं गेली होती त्यांच्यासमोर मी एका कागदासाठी रडायचं कसं? रडायचीही लाज वाटली, म्हणून रडलेच नाही. अलिबागच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. इतिहास घेतला. पुढे शिक्षिका झाले. वाईट झालं असं म्हणणार नाही. मुलं माझ्यावर जीव टाकतात, मीही टाकते. पण ते पाकीट मी फेकलेलं नाही हेही खरं.

बरीच वर्षं मी मनात असं धरून बसले होते की माझी निवड झालीच नाही. परवा भाचीने ते पाकीट हातात घेतलं, पत्र उघडलं, शिक्के निरखले आणि म्हणाली, "मावशी, अगं त्यांनी तुला बोलावलं होतं. हे तर हो आहे. फक्त उशिरा आलं."

छत्तीस वर्षं झाली. इतकी साधी गोष्ट माझी मला कधी म्हणता आली नव्हती.

पहाटे पाचला उठून आम्ही दोघी ओटीवर बसलो. बाहेर काळोख, थंडी बऱ्यापैकी. वाडीत पोफळींवरून दव टपकत होतं. लांबून पहिल्या एस.टी.चा आवाज आला. पनवेलला माझी बहीण आणि मेव्हणे जागे असणार हे माहीत होतं, पण फोन करायचा नाही असं ठरलं होतं. साडेपाच वाजले. न्यूयॉर्कमध्ये शेजारी राहणाऱ्या मुलाला जे ज्या क्षणी दिसलं तेच त्याच क्षणी नागावला आमच्या ओटीवर दिसलं. मला त्याचंच नवल वाटत होतं. गोपाळरावांच्या काळात जो कागद यायला महिने गेले असते तो डोळ्याचं पातं लवायच्या आत आला.

भाचीने वाचलं. परत वाचलं. मग फोन माझ्याकडे दिला.

"हो की नाही?" मी चश्मा शोधत विचारलं.

"दोन्ही नाही. पुढे ढकललंय. मार्चमध्ये परत बघणार म्हणे."

असाही एक प्रकार असतो, हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं. म्हणजे अर्ज फेटाळलेला नाही, घेतलेलाही नाही. सर्वांच्या गठ्ठ्यात परत टाकलेला. मात्र ते साखरपुड्याचं वचन आता सुटलं, ती कुठेही जायला मोकळी.

ती थोडा वेळ रडली. मी काही बोलले नाही. अशा वेळी इतिहास सांगू नये एवढी अक्कल मला आहे. चहा केला. उजाडल्यावर कोळीण आली, तिच्याकडून बोंबील घेतले. साडेसातला बहिणीचा फोन आला तेव्हा भाची स्वतःच बोलली आणि आईचीच समजूत काढत होती. मेव्हण्यांनी पैशाचं काही विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "बाबा, आता बाकीच्या ठिकाणी मदतीचे आकडे शेजारी ठेवून बघता येतील. एका अर्थी बरंच झालं." हे ती मनापासून म्हणत होती की बापासाठी, ते मला कळलं नाही. दोन्ही असेल.

दहा वाजता तिने लॅपटॉप उघडला. जानेवारीच्या सुरुवातीला आणखी काही अर्ज जायचे होते, आणि इकडच्या सी.ई.टी.चा अभ्यास होताच. मी विचारलं, निबंध तोच पाठवणार का? म्हणाली, "नाही. बदलते. त्यात मी फार शहाणपणा केलाय. आनंदीबाईंसारखं सरळ लिहिते, काय येतं आणि काय येत नाही."

मी आपलं गप्प बसून वालाच्या शेंगा निवडल्या. अजून त्या नीट भरल्या नव्हत्या. पोपटी लावायला आमच्याकडे जानेवारीच उजाडतो. पोपटी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, आणि बाहेरून जाळ. पाणी घालायचं नाही. किती वेळ लागेल हे मडकंच सांगतं. वर पाण्याचा शिपका मारला आणि चर्र झालं की झालं. त्याआधी झाकण उघडून बघितलं तर शेंगा कच्च्या राहतात.

जाताना भाची म्हणाली, "पोपटीला येते मावशी. तोवर सगळे अर्ज गेलेले असतील." आणि मग दारात परत वळून, "ते पाकीट मला देशील?"

दिलं. माझ्याकडे ठेवून त्याचं काय करायचं होतं?